हात आत आहे

सुट्टीच्या दिवशी बुटांच्या कारखान्यात एकट्याने जायला कारण फार मोठं लागत नाही. कोणाची छत्री राहिलेली असते, कोणाला दुसऱ्या दिवशीच्या मालाची मांडामांड करायची असते. भाच्याने बायकोला सांगितलं, "चाळीस कातडी कापायची आहेत फक्त. चहाच्या वेळेला घरी येतो." यातला शब्द न् शब्द खरा होता. कातडी चाळीसच कापायची होती. ती कशासाठी हे तिने विचारलं नाही, म्हणून खोटं बोलायची वेळ आली नाही.

त्याला सगळा कारखाना भाचा म्हणायचा, कारण त्याला हाताला धरून इथे आणलं ते त्याच्या सख्ख्या मामांनी. आई लहानपणीच गेलेली. मामा-मामींनीच त्याला वाढवलं, आणि मूलबाळ नसल्यामुळे जरा जास्तच लाडाने वाढवलं. पुढे तो कापणी विभागाचा सुपरवायझर झाला, मामांचाच साहेब झाला, तरी नाव भाचाच राहिलं.

गेटवर मामी बसलेली होती.

वॉचमनच्या खुर्चीशेजारी एक स्टूल, त्यावर मामी, मांडीवर रिकामी पिशवी. तीस वर्षं ती दुपारी बाराला मामांचा डबा घेऊन इथे यायची. मामा जाऊन एकवीस दिवस झाले होते, पण बारा वाजले की पाय इकडे वळायचे. वॉचमनने तिला एकदाही हटकलं नव्हतं.

"सुट्टीचं पण काम?" तिने विचारलं.

"थोडं राहिलंय गं."

"उद्या त्या तपासणीच्या बाई येणार ना? मलाही बोलावलंय. सही करायला."

"नुसती सहीच करायची आहे. मी आहे ना तिथे, काळजी कशाला करतेस?"

मामी थोडा वेळ पिशवीच्या कडा जुळवत बसली. मग वॉचमनला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "एकच सांग मला. तो पडदा का काय म्हणता तुम्ही... तो त्यांनीच बंद केला होता का रे? अरे, त्यांना घड्याळाचा गजर लावता येत नव्हता. लोक म्हणतात म्हातारा स्वतःच्या मूर्खपणाने मेला. माणूस गेला तो गेला. पण हे नको होतं त्यांच्या नावाला."

भाच्याने तिच्याकडे सरळ बघितलं. पहिल्यांदा हे खोटं बोलताना त्याला वाटलं होतं की हिच्या डोळ्यांत बघून आपल्याला जमणार नाही. जमलं होतं. आता तर सवयीचं झालं होतं.

"त्यांनीच, मामी. किती वेळा बजावलं मी. ऐकायचे कुठे ते कोणाचं?"

"हं," मामी म्हणाली, आणि रस्त्याकडे बघायला लागली.

खरी गोष्ट अशी होती. मामा कातडी पारखायचे. कातडं पुढ्यात आलं की डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचे, आणि तो जिथे थांबेल तिथे आतून काहीतरी बिघडलेलं असायचं. वरून गुळगुळीत, पण बूट घालून चार पावलं टाकली की नेमकं तिथेच फाटणार. मग कारखान्यात आपोआप कापणी करणारं मशीन आलं. लांबरुंद टेबल, वर कॅमेरा, आणि रुळावरून सरसर फिरणारी बारीक थरथरती सुरी. कॅमेरा कातड्यावरचे दोष शोधायचा, मोठ्या स्क्रीनवर त्यांच्याभोवती लाल रेघ काढायचा, आणि सुरी आधी तेवढा दोष कापून खाली खोक्यात टाकायची. मग उरलेल्या चांगल्या कातड्यातून बुटांचे तुकडे काढायची. पण आतला दोष कॅमेऱ्याला कसा दिसणार? तो त्याला शिकवायला लागणार होता, आणि शिकवायला मामांशिवाय दुसरं कोण होतं?

मामांनी दोषावर हात ठेवायचा, तिथे खडूने खूण करायची, हात काढायचा, मग फोटो घ्यायचा, असं ठरलं होतं. भाच्याला ते फार रेंगाळणारं वाटलं. खूण करा, मागे सरका, बटण दाबा, पुन्हा वाका. त्याने मामांना सांगितलं, खडू सोडा, हात तसाच राहू द्या, हाताखाली दोष आहे एवढं मशीनला समजलं की झालं. पण टेबलाच्या कडेला किरणांचा एक न दिसणारा पडदा होता. माणसाचा हात त्यातून आत गेला की मशीन जागच्या जागी थांबायचं आणि स्क्रीनवर अक्षरं यायची, 'हात आत आहे. काढा.' म्हणून भाच्याने स्वतःचा नंबर टाकून पडदा बंद केला. आठ महिने तो बंदच होता.

आठ महिने मशीनने हजारो फोटो बघितले, आणि प्रत्येक फोटोत दोषाच्या जागी एकच गोष्ट होती. ते दोष ओळखायला शिकलंच नाही. हात ओळखायला शिकलं. एका दुपारी भाचा फोनवर बोलायला बाहेर गेला असताना मशीनने मामांच्या हाताभोवती लाल रेघ काढली आणि नेहमीसारखा आधी तो दोष कापायला घेतला. सुरी मनगटाभोवती शिस्तीत फिरली. भाचा परत आला तेव्हा मामा टेबलावर ओणवे होते आणि मशीन उरलेले तुकडे काढत होतं. त्याने आधी पडदा चालू केला. मग आरडाओरडा केला, आणि पडदा मामांनीच बंद केला होता असं सगळ्यांना सांगितलं.

आता चार दिवसांपूर्वी मेकॅनिकने फोनवर सहज सांगितलं होतं, "मशीनला शेवटची दोनशे कातडी आठवतात, भाच्या. फोटो, पडदा चालू का बंद, कोणाच्या नंबराने बंद केला, सगळं. बाईंना मी ते काढून दाखवणार आहे." मामांचा हात गेला त्या कातड्यानंतर एकशे साठ झाली होती. अजून चाळीस झाली की ते पुसलं जाणार होतं. हिशोब एवढा सोपा होता की भाच्याला रात्री शांत झोप लागली होती.

कापणीच्या हॉलला खिडक्या नाहीत. दुपारचा एक वाजला होता, बाहेर ऊन रखरखत होतं, आणि आत त्याने दिवे लावेपर्यंत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. चामड्याचा, गोंदाचा आणि कोमट तेलाचा वास दाटून बसला होता. त्याने मशीन सुरू केलं. टेबलाखालचा पंखा घरघरला. तो खालून हवा ओढतो आणि कातडं टेबलाला घट्ट चिकटवून ठेवतो. भाच्याने पहिलं कातडं पसरलं, हात काढून घेतला, तीन पावलं मागे येऊन बटण दाबलं.

स्क्रीनवर लाल रेघ उमटली.

कातड्याच्या मधोमध एक तळहात होता. पाच बोटं पसरलेली, मनगटापाशी तुटलेली. भाच्याने मान वळवून टेबलाकडे पाहिलं. कातडं कोरं होतं. पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. तळहात तिथेच होता, आणि सुरी निघालीसुद्धा. ती बोटांच्या फटींतून वरखाली गेली, मनगटावरून आडवी गेली, आणि हाताच्या आकाराचा तुकडा खाली खोक्यात पडला. पडताना टप् असा ओलसर आवाज आला. सुक्या चामड्याचा तसा येत नाही.

"बिघडलंय," भाचा मोठ्याने म्हणाला. हॉलमध्ये कोणी नसताना माणूस मोठ्याने बोलला की समजावं, तो घाबरलाय.

दुसऱ्या कातड्यावर तळहात होता. तिसऱ्यावर होता. भाच्याने मनाला समजावलं की मशीनला चुकीचं शिकवलं तर ते चुकीचंच बघणार, यात काय नवल. पण चौथ्या कातड्यावर तो तळहात मधोमध नव्हता. टेबलाच्या कडेकडे, भाचा उभा होता त्या बाजूला, वीतभर सरकला होता. पाचव्याला आणखी वीतभर. सहाव्याला सुरी निम्म्यात थांबली, पंखा बंद पडला, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत स्क्रीनवर अक्षरं आली.

हात आत आहे. काढा.

भाचा तीन पावलं लांब होता. त्याने दोन्ही हात वर उचलून बघितले, स्वतःलाच दाखवल्यासारखे. मग टेबलाच्या कडा पुसल्या, किरणांच्या काचा पुसल्या, मशीन बंद करून चालू केलं.

हात आत आहे. काढा.

"कोणाचा...?" तो पुटपुटला, आणि लगेच गप्प झाला. उत्तर येईल अशी भीती वाटली.

निघून जावं असं त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. पण निघून गेलं तर उद्या नऊ वाजता ती बाई स्क्रीनसमोर बसणार, आणि मामी तिच्या शेजारी. चौतीस कातडी राहिली होती. त्याने विचार केला की उद्या सांगता येईल, पडदा बिघडला होता, मी सुट्टीत एकटा येऊन तपासत होतो. कौतुकच होईल एखाद्या वेळेस. त्याने स्वतःचा नंबर टाकला आणि पडदा बंद केला. मशीन लगेच, जणू एवढ्याचसाठी खोळंबलं होतं, पुढे चालू लागलं.

बाराव्या कातड्यानंतर त्याला उजव्या हाताला मुंग्या आल्या. विसाव्यानंतर त्याने खोक्यात डोकावून पाहिलं. चामड्याचे तळहात एकावर एक पडले होते. मामांचा हात रुंद आणि आखूड, बोटं जाड. भाच्याने सगळ्यात वरचा तुकडा उचलला आणि दिव्याखाली धरला. हा हात लांबट होता, आणि त्याची करंगळी पहिल्या पेरापासून बाहेर वाकलेली होती. त्याने तुकडा टेबलावर ठेवला आणि त्यावर आपला उजवा हात ठेवला. एका केसाचाही फरक नव्हता.

तुकडा कोमट होता. की आपला हात गार पडलाय, हे त्याला कळेना.

माणूस अशा वेळी पळत सुटतो असं आपल्याला वाटतं. भाचा पळाला नाही. वीस झाली होती, वीस राहिली होती, आणि एवढं केल्यावर सोडून जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने तुकडा खोक्यात फेकला. खोक्यातला टाकाऊ माल सकाळी दहाला चक्कीत जातो. कारखान्यात चक्की म्हणजे चामड्याच्या कातरणांची भुकटी करणारं मशीन. त्या भुकटीचे बुटाच्या तळव्यात घालायचे पुठ्ठे होतात. सकाळी दहाला या सगळ्या हातांचं पीठ होणार आणि कोणी कधी बघणार नाही. या विचाराने त्याला खरंच बरं वाटलं. चाळीसावं कातडं संपलं तेव्हा पावणेचार वाजले होते. चहाच्या वेळेला तो घरी होता.

चहाचा कप त्याच्या हातून निसटला. बायको ओरडली, "अहो, हात भाजला!" त्याने बघितलं तर हात लालबुंद झाला होता. त्याला काहीच लागलं नव्हतं. टाचणी टोचून बघितली, करकचून चावून बघितलं. हात हलत होता, बोटं मिटत होती, पण ती कोणा दुसऱ्याची असल्यासारखी. आणि रात्री, दिवा मालवून पडल्यावर, त्याच तळहाताला काहीतरी जाणवायला लागलं. चादर नव्हे. चामड्याचा बारीक चुरा. खाली कातरणांच्या कडा, वर कातरणांचं वजन. आपला हात कुठे पडून आहे हे त्याला समजलं, आणि तो सकाळपर्यंत छताकडे बघत राहिला.

सकाळी नऊला ऑफिसात तपासणीच्या बाई, मेकॅनिक, मामी आणि भाचा एवढेच होते. खालच्या हॉलचा आवाज फरशीतून येत होता. भाच्याने उजवा हात टेबलाखाली मांडीवर ठेवला होता. बाई बोलायला मऊ होत्या, पण त्यांची नजर इकडची तिकडे होत नव्हती. पाऊण तास कागदपत्रं बघून झाल्यावर मेकॅनिकने मशीनची आठवण उघडली आणि तो ओशाळला.

"मॅडम, अपघाताच्या दिवसाचं पुसलं गेलंय. पुढची कातडी कापली गेली ना..."

मामीने मान खाली घातली. भाच्याने श्वास सोडला.

"हे कालचे कसले फोटो?" बाई म्हणाल्या. "काल सुट्टी होती ना? चाळीस कातडी. सहाव्यापासून पुढे पडदा बंद, तुमच्या नंबराने. आणि प्रत्येक फोटोत हात आत."

"मी तपासत होतो. पडदा बिघडला होता. पण हात मी... मी लांब उभा होतो."

बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. कोऱ्या कातड्यावर एक हात पालथा ठेवलेला होता. नुसती रेघ नव्हे. नखं, शिरा, केस असलेला माणसाचा हात. पुढच्या फोटोत तोच. त्याच्या पुढच्यात तोच. मनगटाच्या मागे काहीच नव्हतं.

"कोणाचा हात आहे हा?" बाईंनी विचारलं.

मामी खुर्चीवरून वाकली. तिने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"त्यांचा नाही," ती हळूच म्हणाली. "याचा आहे. ही करंगळी मीच बांधली होती. सात वर्षांचा होता, जिन्यावरून पडला... वाकडीच बसली." मग तिने भाच्याकडे बघितलं. "काल तूच बंद केलास ना पडदा? एवढं सहज करता येतं तुला?"

भाच्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. दहाला पाच मिनिटं होती. आणि त्याच्या तळहाताखाली, म्हणजे जो मांडीवर होता त्याच्याखाली नव्हे, काहीतरी हललं. कोणीतरी खोका उचलला होता. कातरणं घसरली, त्याच्या बोटांवरून सरकली. मग चाकांचा हादरा बसायला लागला. हातगाडी. खाली कोणीतरी खोका चक्कीकडे ढकलत नेत होतं, आणि त्याला फरशीची एक एक फट हाताला कळत होती.

"चक्की थांबवा," तो म्हणाला.

"काय?"

"खाली फोन करा. तो खोका घालू देऊ नका... कृपा करा, आत्ता करा."

"आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी पडदा कोणी बंद केला?"

"मी! मीच केला, आठ महिने मीच बंद ठेवला होता. मामांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते खडूनेच खुणा करू म्हणत होते, मीच घाई केली. लिहून घ्या, सही देतो, पण ती चक्की थांबवा!"

बाई लिहीत होत्या. मेकॅनिक फोनकडे धावला. मामी बसल्या जागी अगदी स्थिर होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. बावीस दिवसांत पहिल्यांदा तिच्या नवऱ्यावरचा डाग धुऊन निघाला होता. तो धुणाऱ्याकडे बघायची तिला गरज वाटली नाही.

खाली भोंगा झाला. चक्कीचा घरघराट फरशीतून वर आला. भाच्याने डोळे गच्च मिटले, दात आवळले, आणि वाट बघितली.

काहीच झालं नाही.

दाराशी हातगाडीवाला येऊन उभा राहिला. त्याला वर का बोलावलं हे त्याला समजत नव्हतं. "कालचा खोका ना, साहेब? तो मी चक्कीत घातलाच नाही. घालायला काय होतं त्यात? रिकामा होता. झाडून ठेवल्यासारखा."

"रिकामा..." भाचा म्हणाला. "मग माझा..."

त्याने मांडीवरचा हात उचलून टेबलावर ठेवला. कालचा भाजल्याचा फोड त्यावर तसाच होता. मामीने सवयीने त्या हातावर आपला हात ठेवला आणि झटक्याने मागे घेतला. "हा तर चामड्यासारखा..." एवढंच ती म्हणाली, आणि बोटं पदराला पुसत राहिली.

भाच्याला तिचा स्पर्श कळला नव्हता. त्याला दुसरंच काही कळत होतं. आता कातरणं नव्हती, चुरा नव्हता, हादरे नव्हते. थंडगार, ओलसर अशी कुठलीतरी जागा होती, आणि तिथे त्याच्या बोटांमध्ये कोणाचीतरी जाड, आखूड बोटं येऊन गुंतली होती. ती ओढत नव्हती, आवळतही नव्हती. लहान मुलाला रस्ता ओलांडायला न्यावं तशी नुसती धरून होती.

"सही करताय ना?" बाईंनी कागद पुढे सरकवला.

भाच्याने पेन डाव्या हातात घेतलं. तेवढ्यात ती बोटं त्याला घेऊन चालायला लागली.